सुहैरच्या खोलीतली शमादानं

राविया रेझीन ओतायला बसली की घरातल्या सगळ्यांना बाहेर पिटाळायची. दोन्ही खिडक्या सताड उघड्या, हातात रबरी मोजे, तोंडावर गाळणीचा मास्क आणि केस फडक्यात गच्च बांधलेले. तिचा नवरा लुत्फी दारातून डोकावून विचारायचा, "काय डॉक्टरीणबाई, पेशंट वाचेल ना?" ती मास्कच्या आतूनच काहीतरी पुटपुटायची आणि हातानं त्याला जा म्हणायची.

लुत्फी सुतार. आमच्या दुम्यात शहरात दर दुसरा माणूस सुतार, पण तो फक्त मेजं करायचा, मधे निळं रेझीन ओतलेली, नदी वाहत असल्यासारखी. डब्यांच्या तळाशी उरलेला माल तो घरी आणायचा. त्याच्या कारखान्यात एकदा एका कारागिरानं घाईत सगळं रेझीन आणि ते घट्ट करणारं रसायन एकाच बादलीत कालवलं होतं. बादली आपोआप तापली, तिच्यातून धूर निघाला आणि सगळे खोकत रस्त्यावर पळाले. ते ऐकल्यापासून राविया थोडं थोडंच कालवायची, वजन करून, आणि एक पातळ थर घट्ट झाल्याशिवाय दुसरा ओतायची नाही. साच्यात ती सुकवलेल्या गुलाबाच्या पाकळ्या घालायची. मधे मेणबत्तीपुरती खाच ठेवायची. साच्यातून निघालेलं शमादान उजेडात धरलं की मधात पाकळ्या तरंगाव्यात तसं दिसायचं.

तिला भीती होती ती वासाची, धुराची, हाताला चिकटण्याची. एकदा रेझीन घट्ट झालं की तिच्या लेखी धोका संपला. ते काचेसारखं दिसायचं, म्हणून ती ते काचेसारखंच धरून चालली होती.

तिची धाकटी बहीण सुहैर नदीपलीकडे सनानियात राहायची. लग्नानंतर बरीच वर्षं तिच्या पदरी मूल नव्हतं. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पोटातच काय ते संपलं. यंदा मुलगी झाली, जिवंत, रडकी, काळ्याभोर जावळाची. सुहैरला बाळंतपण जड गेलं होतं. ती अजून भिंत धरून चालायची. तिची सासू उम्म शौकी तिला पलंगावरून उतरू देत नव्हती आणि कुणाला फारसं आतही येऊ देत नव्हती. सात दिवस बाळ टिकलं की सुबूअ करायचा, पाहुणे बोलवायचे, पितळी खल वाजवून बाळाच्या कानात सांगायचं की आईचं ऐक, आजीचं ऐक. तोवर तोंडातून चांगलं अक्षरही काढायचं नाही, दृष्ट लागते.

नाव ठरवायची त्या घरातली रीत जुनी होती. तीन मेणबत्त्या, तिन्हींना एकेक नाव, तिन्ही सातव्या दिवशी बाळाच्या पाळण्याशेजारी एकदम पेटवायच्या. जी शेवटपर्यंत जळेल तिचं नाव बाळाला. मधे एकही विझवायची नाही. विझवली तर ते आयुष्य विझवल्यासारखं. सुहैरला नाझली नाव हवं होतं. तिच्या नवऱ्याला, शौकीला, सफिया. उम्म शौकीला आपल्या वारलेल्या आईचं, बद्रिया.

"तीन शमादानं तू कर," सुहैर फोनवर म्हणाली होती. "माझ्या मुलीच्या मेणबत्त्या बाजारच्या पत्र्यावर नकोत."

रावियानं जीव ओतून केली. चार केली, त्यातलं एक काठाला फुटलं म्हणून घरी ठेवलं. बाकीची तीन तिनं सातव्या दिवशी सकाळीच शौकीच्या हाती धाडली आणि स्वतः स्वयंपाकाला लागली. संध्याकाळच्या जेवणाचं भाताचं पातेलं आणि मुगात तिच्याकडे होतं. मुगात म्हणजे बाळंतिणीला द्यायचं तूप आणि सुकामेव्याचं गरम पेय, ते सुहैरला तिच्याच हातचं आवडायचं.

दुपारच्या नमाजानंतर ती कांदे चिरायला बसली. डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून बायका शेजारी मेणबत्ती लावतात, तशी तिनंही लावली. मेणबत्तीचं एक बोटभर थुटुक होतं. ते तिनं त्या फुटक्या शमादानात खोचलं आणि कांदे संपल्यावर विझवायचं विसरून आतल्या खोलीत कपड्यांना इस्त्री करायला गेली.

आधी तिला वाटलं, इस्त्रीच जळतेय. तिनं ती उचलून पाहिली. वास वेगळा होता, डांबरासारखा, घशाला झोंबणारा. ती स्वयंपाकघरात आली तेव्हा ओट्यावर मेणबत्ती नव्हतीच. शमादानच पेटलं होतं. खाचेच्या कडेनं पिवळीजर्द ज्योत हातभर उंच झाली होती, काळ्या काजळीचे धागे छतापर्यंत गेले होते आणि आतल्या पाकळ्या एकेक करून वळत, काळ्या होत होत्या. वितळलेलं मेण ओट्यावरून वाहत होतं आणि त्याच्यावरही ज्योत चालत होती.

तिचा हात नळाकडे गेला आणि थांबला. जळत्या तेलावर पाणी टाकलं की काय होतं ते तिनं लहानपणी पाहिलं होतं. तिनं भाताचं मोठं झाकण उचललं आणि सगळ्यावर पालथं घातलं. झाकणाच्या कडेनं धूर फुसफुसत राहिला. ती खिडकी उघडून बाहेर तोंड काढून खोकत उभी राहिली. बरं वाटत होतं, थोडक्यात निभावलं म्हणून.

आणि मग तिच्या लक्षात आलं.

तिथं, नदीपलीकडे, सुहैरच्या खोलीत, बाळाच्या पाळण्याशेजारी, मच्छरदाणीच्या बाजूला तीन मेणबत्त्या पेटल्या होत्या. आणि त्या तळापर्यंत जळाव्यात हीच तर रीत होती.

तिनं सुहैरला फोन लावला. बंद होता, झोपताना ती बंदच ठेवायची. शौकीला लावला. वाजत राहिला. तो मिठाईवाल्याकडे नाहीतर कसायाकडे असणार, त्या गोंगाटात त्याला काय ऐकू येणार. उम्म शौकीकडे फोनच नव्हता. तिनं लुत्फीला लावला.

"लुत्फी, रेझीन जळतं?"

"काय झालं?"

"जळतं का ते सांग."

"जळतं म्हणजे काय, झकास जळतं. आणि त्याच्या आधी गरमीनं मऊ पडतं. का गं?" मग त्याचा आवाज बदलला. "राविया, तू खाचेत पितळी वाटी बसवली होतीस ना? मेणबत्ती वाटीत, वाटी रेझीनमध्ये, तशी?"

"नाही."

"मला वाटलं शोभेची आहेत," तो म्हणाला. "तू निघ. मी इथून शौकीला लावत राहतो. मेणबत्त्या केवढ्या होत्या?"

"वीतभर. बारीक."

"मग अजून वेळ आहे. निघ."

वेळ आहे, वेळ आहे, असं स्वतःशी म्हणत ती चप्पल अडकवून खाली धावली. कधी पेटवल्या असतील? उम्म शौकी नमाज झाल्याबरोबर पेटवू म्हणाली होती. इथं नमाज होऊन तिचे कांदे झाले होते, इस्त्री अर्धी झाली होती. वीतभर बारीक मेणबत्ती किती पुरते ते तिला ठाऊक नव्हतं. आजवर शेकडो लावल्या असतील, पण तळाशी जाईपर्यंत कुणी बसून बघतं का.

नाक्यावर एकही टॅक्सी नव्हती. खुर्च्यांचे कोरे सांगाडे रचलेली एक तीनचाकी पुलाच्या दिशेनं निघाली होती. ती तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"उस्ता, मला सनानियात सोड."

"बाई, मागं खुर्च्या आहेत, बसणार कुठं?"

"खुर्च्यांवरच बसते. बाळ आहे तिथं, घर पेटेल."

त्यानं पुढं काही विचारलं नाही. ती सांगाड्यांच्या मधे चढली आणि पाय कुठंतरी अडकवून पट्टी धरून बसली. पुलाच्या तोंडाशीच गाड्या तुंबल्या होत्या. ट्रकवर ट्रक, सगळ्यांवर कपाटं, पलंग, आरसे. खाली नदी संथ होती, नावेत एक माणूस जाळं झटकत होता, कुणालाच घाई नव्हती. रावियाच्या डोळ्यांपुढून ती मच्छरदाणी हलत नव्हती. ती तिनंच विकत आणून दिली होती, पांढरी, तलम, कडेला लेस लावलेली. ठिणगी लागली तर एका श्वासात जाईल अशी.

तिनं पुन्हा फोन लावला. वाजत राहिला.

"उस्ता, बाजूनं घाल ना."

"बाजूला नदी आहे, बाई." पण तसं म्हणत त्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही, आणि दोन ट्रकांमधल्या फटीतून तीनचाकी अशी घुसवली की सगळे सांगाडे एका बाजूला कलंडले. तोल जाऊ नये म्हणून रावियानं घट्ट पकडलं, आणि लाकडातून वर आलेली पिन तिच्या तळव्यातून ओरखडत गेली. तिला ते दुखलंही नाही. उतरल्यावर पाहिलं तेव्हा बाही कोपरापर्यंत लाल झाली होती.

जिना ती कशी चढली ते तिला आठवत नाही. दार उघडंच होतं. दिवाणखान्यात पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडलेल्या, भिंतीतल्या खणांत मिठाच्या आणि कडधान्याच्या वाट्या, तबकावर पितळी खल आणि बत्ता. सुहैरच्या खोलीचं दार बंद होतं आणि त्याच्यापुढे स्टूल टाकून उम्म शौकी बसली होती, मांडीवर सुका मेवा निवडत.

"बाजूला हो, खाला. मेणबत्त्या बाहेर काढायच्यात."

उम्म शौकीनं वर पाहिलं. तिची नजर रावियाच्या चेहऱ्यावरच्या काजळीवर गेली आणि तिथून हातावर. ती ताडकन उठली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"रक्त घेऊन बाळंतिणीवर चालून येतेस? मुशाहऱ्याची बाधा होईल तिला. दूध आटेल. मागं हो."

"खाला, माझी शमादानं जळतात. आत्ता घरी एक पेटलं. तळाशी ज्योत गेली की ती पेटणार."

"मेणबत्तीच्या शमादानाला आग लागते? पोरी, तुझं डोकं फिरलंय का उन्हानं?"

"काचेची नाहीत ती. दिसतात काचेसारखी."

"आणि तू आत जाऊन फुंकणार. दोन गेली हिची. तुला माहीत नाही? तिसरीच्या वेळी तू येऊन मेणबत्ती विझवणार, आणि मी बघत बसू?"

तिचा आवाज चढला नव्हता. उलट इतका खाली गेला होता की रावियाच्या लक्षात आलं, ही बाई चिडलेली नाही, घाबरलेली आहे, माझ्याइतकीच. सात दिवस ही या दारात बसून आहे.

"मी आत येत नाही," राविया म्हणाली. तिनं जखमी हात पाठीमागे घेतला आणि दोन पावलं मागे सरली. "इथंच उभी राहते. तू जा. विझवू नकोस. मेणबत्त्या उचल आणि त्या मिठाच्या वाटीत खोच. जळू दे तिथं. फक्त माझ्या शमादानातून काढ. एवढंच कर, खाला. नाझली असो का बद्रिया, पोर राहिली पाहिजे ना."

उम्म शौकी हलली नाही. मग तिनं नाक वर करून हुंगलं. दाराच्या फटीतून तो वास येत होता, डांबराचा.

तिनं दार ढकललं.

राविया उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि आत पाहत राहिली. सुहैर भिंतीकडे तोंड करून झोपली होती. खिडकीतला पंखा सुरू होता. पंख्याच्या बाजूची मेणबत्ती वाऱ्यानं भराभर जळून संपत आली होती. शमादानाचा काठ मऊ पडून एका अंगाला ओघळला होता, उरलेलं थुटुक त्याच्याबरोबर कलंडलं होतं, आणि ओघळ पेटून मेजाच्या कडेनं काळा धूर सोडत होता. पंखा तो धूर आणि ती ज्योत सरळ पाळण्याकडे लोटत होता. मच्छरदाणी वाऱ्यानं फुगून पुढं यायची, मागं जायची, पुढं यायची. लेसची एक टोकाची गाठ तपकिरी झाली होती.

"पंखा," राविया म्हणाली. "आधी पंखा, खाला."

म्हातारीनं पंख्याची वायर भिंतीतून उपटली. मच्छरदाणी खाली बसली. मग ती वळली, रावियाच्या अंगावरून बाहेर आली, तबकावरचा पितळी खल दोन्ही हातांनी उचलला आणि परत आत जाऊन त्या ज्योतीवर पालथा घातला. खल मेजावर आदळल्याचा आवाज झाला. बाळ दचकून रडायला लागलं.

सुहैर उठून बसली. "काय झालं? काय विझवलंत तुम्ही?"

उम्म शौकीनं पाळणाच उचलून दिवाणखान्यात आणला आणि रावियाच्या पायाशी ठेवला. मुशाहऱ्याचं तिला त्या क्षणी आठवलं नाही, किंवा आठवलं तरी चाललं. मग उरलेल्या दोन मेणबत्त्या तिनं एकेक करून, तळहाताचा आडोसा करत, मिठाच्या वाट्यांत आणून खोचल्या. त्यातल्या एकीचं शमादान अजून थंड होतं. दुसरीचं बोटाला चिकटलं. तिनं ते झटकलं आणि बोट तोंडात घातलं.

"हे मऊ झालंय," ती म्हणाली. "गुळासारखं." आणि स्टूलवर बसून रडायला लागली.

बाळाच्या ओठाजवळ काजळीचा एक बारीक ठिपका होता. रावियाला तो पुसायचा होता, पण हात रक्ताचा होता. ती नुसती पाहत राहिली, छाती वर होते, खाली जाते, वर होते. डॉक्टरला बोलावलं. त्यानं नळी लावून बाळाचा श्वास ऐकला, खिडक्या उघड्या ठेवा म्हणाला आणि रावियाच्या तळव्याला टाके घातले. टाके घालताना तोवर येऊन पोचलेल्या लुत्फीनं तिचं मनगट धरून ठेवलं.

सुबूअ झाला. पाहुणे आले, खल वाजला, त्याच्या आत काळा डाग होता पण आवाज चांगला आला. भाताचं पातेलं रावियाच्या घरीच राहिलं होतं, शौकीनं बाहेरून मागवलं. सुहैर रावियाशी एक शब्द बोलली नाही. विझली होती ती तिचीच मेणबत्ती, नाझलीची. शेवटपर्यंत मिठात जळली ती बद्रियाची, आणि बाळाचं नाव बद्रिया ठेवलं गेलं.

पाहुण्या निघाल्या तेव्हा दाराशी परातीत त्यांना द्यायच्या भेटी होत्या. रेशमी फितीत बांधलेली छोटी शमादानं, तीही रावियाच्याच हातची. ती परातीपुढे आडवी उभी राहिली.

"ही कुणी नेऊ नका. यात मेणबत्ती लावली तर पेटतात."

"अगं, हळू," उम्म शौकी तिच्या कानाशी म्हणाली. "लोक काय म्हणतील? नंतर एकेकीला सांगू."

"नंतर कुणीतरी लावेल, खाला."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एक जण म्हणाली, सुबूअला असलं बोलतात का कुणी. दुसरीनं पर्समध्ये टाकलेलं काढून परातीत ठेवलं, मग तिसरीनं. रावियाचे कान तापले होते. पण तिनं परात उचलली आणि लुत्फीच्या हातात दिली.

त्यानंतर तिचं फिरणं सुरू झालं. गेल्या वर्षभरात तिनं किती जणींना शमादानं दिली होती, वाढदिवसाला, रमजानात, उगीचच. ती घरोघर गेली. काही जणींनी लगेच आणून दिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बहिगाकाकूनं दारातच अडवलं. "मी लावत नाही बाई, मी त्यात दात कोरायच्या काड्या ठेवते. ते मी देणार नाही. इतकं सुंदर आहे." रावियानं तिच्याकडून शपथ घेतली आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन काड्या आहेत ना ते पाहून आली.

लुत्फीला हे फार झालं असं वाटायला लागलं. "नीट कर की आता," तो म्हणाला. "पितळेची वाटी बसव, वाटी आणि रेझीन यांच्यात वाळूचा थर ठेव, वाटी काठाच्या वर काढ. मी वाट्या कातून देतो. नाहीतर सेलवरचे दिवे लाव."

तिनं एक केलं तसं. गच्चीवर वाळूच्या घमेल्यात ठेवून पेटवलं आणि ओलं पोतं हाताशी घेऊन, मेणबत्ती संपून वात वाटीच्या तळाशी आपोआप विझेपर्यंत समोर बसून राहिली. रेझीन थंड राहिलं. तिनं तीन-तीनदा हात लावून पाहिला. तरी ते तिनं कुणाला दिलं नाही.

सुहैर महिनाभरानं आली. बाळाला तिनं रावियाच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "घरी मी हिला नाझलीच म्हणते. म्हातारी ऐकू न आल्यासारखं करते." एवढंच. त्या दिवसाबद्दल दोघी बोलल्या नाहीत. पण बाळ शिंकलं तेव्हा दोघींचे हात एकदम पुढे झाले.

एक शमादान मात्र सापडत नव्हतं. ते तिनं वफीका नावाच्या एका मैत्रिणीला दिलं होतं. ती लग्न करून इस्माइलियाला गेली होती आणि तिचा नंबर बदलला होता. रावियानं तिच्या मामेबहिणीला गाठलं, तिनं चुलत भावाचं नाव सांगितलं, चुलत भावानं विचारून सांगतो म्हणून वाट पाहायला लावली. त्या दिवसांत राविया झोपेतून उठून स्वयंपाकघरात वास घेत फिरायची. शेवटी एका संध्याकाळी नंबर मिळाला.

"राविया? खरंच तू?" वफीका हसत म्हणाली. "आठवण काढावी आणि फोन यावा. आत्ताच वीज गेलीय इथं. तुझंच शमादान लावून बसलेय."

रावियानं लगेच विचारलं, "मेणबत्ती केवढी उरलीय?"

"हे काय विचारणं? आहे बोटभर. का?"

"विझव."

"अगं, काळोख होईल."

"होऊ दे. वफीका, आधी फुंकर मार, मग सांगते. फोन जवळ धरून मार, मला ऐकू येऊ दे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग वफीकानं फुंकर मारली.